भीमराजच्या गोळ्यांवरचा पहारा

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या भीमराजला त्याच्या थोरल्या बहिणीनं, कांताबाईनं, आपली एक किडनी दिली. त्याला तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, शरीर ही किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडेल. शरीराची ती ताकद दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊला, जन्मभर. कांताबाई विधवा, भावाच्याच घरी राहून शाळेत खिचडी शिजवायची.

यंदा उन्हाळ्यात भीमराजचं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, एक पॉइंट दोनवरून दोन पॉइंट चारवर गेलं. नागपूरला किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीर किडनी नाकारत होतं.

"गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही," भीमराज म्हणाला. कांताबाईला ते पटलं नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला, तरी आकडा उतरला नाही.

आधी तिला मेडिकलवाल्याचा संशय आला. रिकाम्या पाकिटांची पिशवीच तिनं डॉक्टरांपुढे ओतली. गोळ्या बरोबर होत्या. मग भावजय ममता. गोळ्यांचा डबा तीच भरायची. कांताबाई तिच्याशी तुटक बोलू लागली. शेवटी खुद्द भीमराज. त्याची उशी, शर्टाचे खिसे, मोरीची जाळी, सगळं ती धुंडाळायची. गोळी गिळली की म्हणायची, "तोंड उघड." चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मुकाट्यानं आ करायचा.

एका सकाळी ती चुलीपाशी आली, तर तिच्याच गुळवेलीच्या काढ्याचा पेला भीमराजच्या हातात. ऑपरेशनपासून ती तो रोज प्यायची.

"हे तू कायले पिऊन राह्यला?"

"तुले ताकद येते ना यानं? तुह्यी किडनी माह्यात हाये. तिलेही येईन म्हटलं."

"कधीपासून?"

"होळीपासून."

काढा बाटलीत भरून ती त्याला घेऊन नागपूरला गेली. डॉक्टर म्हणाले, "आम्ही प्रतिकारशक्ती दाबतो आणि हा ती वाढवतो. हेच एक कारण आहे असं ठामपणे सांगता येणार नाही, पण थेंबही देऊ नका."

तीन दिवस इंजेक्शनं चालली. आकडा हळूहळू एक पॉइंट सातवर आला आणि तिथंच थांबला.

घरी आल्या आल्या कांताबाईनं कुंपणावरची गुळवेल उपटून काढली. ममता शेजारी उभी होती.

"माह्यं चुकलं, ममता."

"बाई, दीड महिना तुमी माह्याकडं सरळ पाह्यलंबी नाही."

कांताबाईनं हातातली वेल खाली टाकली आणि तिच्याकडं सरळ पाहिलं.