भास्करभाऊंनी रिकाम्या ठेवलेल्या जागा

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामानिमित्त अकोल्याला होतो. अमरावतीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता दोन महिने होत आले... थकवा मात्र उतरत नाही.

ते आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहायचे. रस्त्यावरचे कडुनिंब पावसाळा सरता सरता शेंड्यापासून वाळू लागले, तेव्हा त्यांनी रोगाला न जुमानणाऱ्या झाडाचं बी शोधायचं मनावर घेतलं. निंबोळ्या पिकल्या की माझ्या स्कूटरवर आम्ही अकोल्याच्या वाटेला लागायचो. एकट्या उभ्या हिरव्यागार निंबाकडे ते बघतही नसत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याले रोग अजून भेटलाच नाई. आजाऱ्याच्या मांडीले मांडी लावून बसलं अन् तरी धडधाकट आहे, असं झाड दाखव मले." अशी चार झाडं मिळायला दोन उन्हाळे गेले. निंबोळ्यांचं बी फार टिकत नाही, म्हणून आल्याआल्या ते वहिनींच्या परातीत घेऊन धुवायला बसत. वहिनी विचारत, "आता कणीक काय तुमच्या डोक्यावर मळू?"

रस्त्याकडेला सोळा रोपं लावली. पाणी दिलं, औषध एकदाही मारलं नाही. दहा रोपं रोगानं गेली. ती उपटून जाळली आणि त्या जागा रिकाम्या ठेवल्या. तगलेल्या सहा झाडांना निंबोळ्या धरल्या की त्यांचीच रोपं तिथं लावायची होती. लोक हसायचे, की भाऊंच्या हाताला गुण नाही. समजावून सांगायचा भाऊंना कंटाळा होता.

तेरवीच्या दिवशी कॉलनीनं त्यांच्या आठवणीसाठी नर्सरीतून निंबाची दहा रोपं आणली आणि नेमकी त्या दहा जागी लावली. प्रत्येकापुढे भाऊंच्या नावाची पाटी. लावणाऱ्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना अडवणं मला जमलं नाही.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या रोपाचा शेंडा वाळला. मंडळी फवारणीचा पंप घेऊन आली. भाऊंच्या नावाचं झाड मरू कसं द्यायचं? औषधानं ते तेवढ्यापुरतं हिरवं झालं असतं, आणि पक्कं कोण, कच्चं कोण, हे कधीच कळलं नसतं. भांडायची ताकद माझ्यात नव्हती. मी वहिनींना जाऊन सगळं सांगितलं. त्या पायात चपला सरकवून बाहेर आल्या.

"त्याईनं आपल्या हातच्या रोपाले कधी औषध नाई मारलं," त्या पंपवाल्यांना म्हणाल्या. "मंग यालेच काहून? पाणी मी टाकीन. जगलं तं जगलं."

ते जगलं नाही. काल मी ते उपटून जाळलं. पाटीही काढत होतो, तर वहिनींनी ती माझ्या हातून घेतली आणि रिकाम्या जागेवर पुन्हा रोवली.