धोंड्याच्या महिन्यातली नळी

माझे दाजी कळवणकडचे. कांद्याच्या व्यापारात त्यांचं बरं चाललं, तसं त्यांनी दोन गोष्टी केल्या: दारात काळा ग्रॅनाइट बसवला आणि त्या ग्रॅनाइटवर एक अमेरिकन मसल कार आणून उभी केली. जुनीच, मुंबईच्या कुणा बिल्डरनं कंटाळून काढलेली. रंग हळदीचा, नाक लांबलचक, आणि आवाज असा की गोठ्यातल्या गाई पाठ फिरवून उभ्या राहायच्या. चारशे घोड्यांची ताकद आहे, असं दाजी सांगत. गाडी आली त्या दिवशी आम्ही सगळे बघायला गेलो होतो, आणि शाळेसमोरच्या गतिरोधकावर ती पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर आणून तिला ओढून काढलं.

वडील तिथेच उभे होते. गप्प बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं, पण गप्प बसणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "जावईबापू, चारशे घोडे दमले असतील हो, जरा चारा टाका त्यांना!"

गाव हसलं. दाजी हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरचा घास सोडला. एकदोन दिवस नव्हे, सहा वर्षं. ताईला माहेरी सोडायला यायचे, गेटाबाहेरून हॉर्न वाजवायचे आणि तसेच परत फिरायचे. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला सर्वांत पुढे तेच होते, दहाव्याची सगळी धावपळ त्यांनीच केली, पण पानं वाढल्यावर गाडीत जाऊन बसले. काचा वर करून.

आईला हे फार लागलं होतं. यंदा ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येतो, जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशाचं वाण द्यायचं. मागच्या धोंड्याला दाजी आले नव्हते. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. "पुढचा धोंडा मला दिसतो की नाही कोण जाणे," ती म्हणाली. हे वाक्य ती गॅस सिलिंडर बदलतानाही म्हणते, पण या वेळी म्हणताना तिनं डोळे पुसले.

तिनं ताईला फोन करून विचारलं, जावयांना वाणात काय आवडेल? मागून दाजींचा आवाज मला ऐकू आला. "लय हौस असंल तर गाडीला इनटेक द्या म्हणा!" विषय तोडायला म्हणाले असणार. त्यांना माझी आई माहीत नाही.

"इनटेक म्हणजे काय रे?" आईनं मला विचारलं.

मी सांगितलं, गाडी जिच्यातून श्वास घेते ती नळी. कंपनीची असते ती प्लॅस्टिकची, घड्याघड्यांची. लोक ती काढून मोठी, गुळगुळीत बसवतात. हवा जास्त जाते, जोर वाढतो, आवाजही वाढतो.

"जाळी असते का तिला?"

"नळीच्या तोंडाला फिल्टर असतो. त्याला असते जाळी."

"मग चालतंय की," आई म्हणाली. "वाण जाळीदारच लागतं."

तेहतीस अनारसे आणि एक एअर फिल्टर, दोन्ही जाळीदार. शास्त्राला हरकत नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

मी नाशिकच्या सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. डेअऱ्यांसाठी आणि वायनऱ्यांसाठी आम्ही स्टेनलेसचे पाइप बनवतो. माप हवं होतं, तर ताईनं दाजींच्या अपरोक्ष बॉनेट उघडून फोन केला: "नळीच्या तोंडावर फुलपात्र बरोब्बर बसतं." कुठलं फुलपात्र? तिच्या लग्नात दिलेलं. त्याच डझनातली सहा आमच्याकडे होती, म्हणून मी एक डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेलं. वेल्डरनं त्यावर कॅलिपर लावलं आणि माझ्याकडे न बघता माप लिहून घेतलं. लांबी आणि बाक ताईनं शिवणाच्या टेपनं मोजून दिले होते. मग वेल्डरनं आतला सांधा घासायला घेतला. दोन तास घासतच होता.

"अरे, बस की. हवा जाणार आहे त्यातून," मी म्हणालो.

"आत खाच राहिली की माल नासतो."

"हवा कुठे नासते?"

"नाशिकची नासते," तो म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

नळी आरशासारखी झाली. मी फोटो पाठवला आणि दाजी विरघळले. खुद्द त्यांचा मला फोन आला, सहा वर्षांत पहिला. "रविवारी येतो. बसवून लगेच निघणार. जेवणार नाय, आधीच सांगतो."

आईला मी तेवढं शेवटचं सांगितलं नाही.

रविवारी सकाळी हळदी रंगाची गाडी आमच्या दारात उभी राहिली. बॉनेट उघडं. दाजी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हते, म्हणून आई पाट आणि औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली. आधी जावयाला ओवाळलं, मग इंजिनाला. बॅटरीवर हळदकुंकू लावलं. नळी तिनं सकाळीच माझ्याकडून मागून घेतली होती आणि आता नव्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून, दोन्ही हातांनी जावयाच्या हातात ठेवली. दाजी संकोचून खाली वाकले, पण आत काही आले नाहीत.

मी नळी बसवायला घेतली. जरा जड लागली, पण स्टेनलेस जड असणारच. तीस वर्षांच्या नोकरीत मी शंभर पोरांना शिकवलं असेल की पाइप जोडायच्या आधी आत डोकावून बघायचं. त्या दिवशी मीच डोकावलो नाही. आई मागे उभी राहून "दिवा विझेल रे, आटप, दिवा विझेल" करत होती, आणि माणसाच्या हातून घाईत व्हायचं ते होतं. धूळ जाऊ नये म्हणून तोंडांवर लावलेल्या चिकटपट्ट्या न बघताच ओढल्या, क्लॅम्प आवळले, सेन्सर बसवला. "मारा स्टार्टर."

गाडी गुरगुरली. दाजींचा चेहरा फुलला. त्यांनी पाय दिला आणि गाडीला ठसका लागला. एक, दोन, तीन. मग घशात काही अडकल्यासारखा आवाज करून ती बंद पडली. आणि सगळ्या गल्लीत तुपाचा वास सुटला.

मी नळी सोडवली, पाटावर उलटी धरली, हापटली. आतून अनारसे पडायला लागले. छोटे, गोल, खसखस लावलेले. काहींचा चुरा, काही अख्खे.

"आई!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "रिकामी नळी देतात का जावयाला? रिकामं भांडं आपण शेजाऱ्याला देत नाही! बावीस ताटात ठेवले, अकरा नळीत. तेहतीस."

मी टॉर्च आणायला आत गेलो, आई मोठी परात आणायला गेली, ताई हसू आवरायला मोरीत गेली. परत आलो तर दाजी पाटासमोर उकिडवे बसले होते. मी तुकड्याला तुकडा जुळवून मोजले. दहा भरले.

"अकरावा इंजिनात गेला," मी म्हणालो, आणि मला घाम फुटला. गूळ आणि तूप इंजिनात. चारशे घोड्यांची ताकद माझ्या आईनं अनारशानं मारली! आता हा माणूस साठ वर्षं घरात येणार नाही.

पुढचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. ऊन डोक्यावर. मी थ्रॉटलची झडप उघडून आत टॉर्च मारत होतो, ताई आईचा हातआरसा धरून उभी होती. चिमट्यानं खसखशीचा एकेक दाणा काढून आम्ही परातीत ठेवत होतो. आई प्रत्येक दाण्याला विचारायची, "हा त्याच्यातलाच का?" समोरच्या घरातले निवृत्त मास्तर येऊन सांगून गेले की गूळ जळला की पिस्टन जाम होतो, चहा झाला की पुन्हा येतो. मी इंजिनाचं डोकं उघडायचं ठरवलं. पान्यांची पेटी काढली. शर्ट पाठीला चिकटला होता आणि मला रडायला येत होतं, खोटं कशाला सांगू.

दाजी तासभर गाडीच्या दाराला टेकून उभे होते. मी पाना लावला तसे म्हणाले, "राहू द्या."

"राहू कसा देऊ दाजी? आत आहे तो."

"नाय आत."

"मग गेला कुठे?"

दाजींनी बुटाच्या टोकानं जमीन उकरली. मग गाडीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी खाल्ला. तुम्ही आत गेल्ते तेव्हा."

ताईच्या हातातला आरसा खाली आला. आई सहा वर्षं या माणसाशी डोक्यावरचा पदर सावरून, जपून जपून बोलत आली होती. तिनं परात धाडकन पाटावर ठेवली.

"मग माझ्या पोराला तासभर उन्हात कशाला भाजलंत? काही वाटतं का मनाला? नळीतला चालतो आणि ताटातला चालत नाही? व्हा आत! आधी हात धुवा, ते काळं लागलंय ते."

मला वाटलं, आता निघून जातात. पण दाजींनी बूट काढले, खाली मान घालून आत गेले आणि थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "अगं" नव्हे, "अहो"ही नव्हे, "आई, साबण कुठंय?"

सहा वर्षांत आम्ही साबणाची जागा बदलली होती. आई सांगायला आत धावली.