पवनी रद्द

स्टिअरिंगमागचा तो पिवळा दिवा लागला की मार्तंडरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सहा वर्षांत गाडीला काय कमी केलं होतं त्यांनी? उन्हात उभी केली नाही, दुसऱ्याच्या हातात दिली नाही, तिसऱ्या गिअरच्या वर फारशी नेली नाही. झिंगाबाई टाकळीतल्या घरापासून मानकापूरच्या भाजीबाजारापर्यंत आणि परत, एवढाच तिचा प्रवास. शेजारचे लोक आपल्या गाड्या जंगलात नेत, चिखलात घालत, त्यांना कधी दिवा लागत नव्हता. आणि यांची, तळहाताच्या फोडासारखी जपलेली डिझेलची पांढरी गाडी दर दोन-तीन महिन्यांनी रुसून बसायची.

"जुनी इंजिनं लोखंडाची असत," ते दिसेल त्याला ऐकवत. "हे नवं इंजिन म्हणजे नुसते नखरे."

सर्व्हिस सेंटरवाले गाडीला कॉम्प्युटर लावत, दिवा घालवत, गाडी धुऊन परत देत. एकदा तिथल्या कुणीतरी सांगितलं, "काका, हायवेवर एक चक्कर मारून आणा." मार्तंडरावांनी त्याला असा काही झाडला की पुन्हा कोणी त्यांना सल्ला दिला नाही. इंजिन बिघडलंय आणि हे म्हणतात चक्कर मारा! आजारी माणसाला कोणी पळायला लावतं का?

मार्तंडराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. तिथं माणसाला एक खोड लागते आणि ती काही सुटत नाही. दिसेल तो आकडा वहीत लिहायचा. तासातासाला दाब, तापमान, तेल. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, पण वही सुटली नाही. गाडी आली त्याच दिवशी तिच्यासाठी निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आलं. दर रविवारी बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी पुसायची, बुडवायची, चष्मा कपाळावर सरकवून पाहायची आणि नोंद करायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तेलाच्या रकान्याचा त्यांना भारी अभिमान होता. "बाकी काही म्हणा, तेल एक थेंब खात नाही. उलट वाढूनच राहिलं!" असं ते मिशीतल्या मिशीत हसत सांगायचे.

खरं तर गाडी घेतली होती ती पुष्पलताबाईंसाठी. निवृत्तीच्या दिवशी, गळ्यातला हार न काढताच, त्यांनी बायकोला शब्द दिला होता. "लय शिफ्टा केल्या. आता तुले फिरवतो. बोल, पहिले कुठं?"

"पवनीले," त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या होत्या.

पवनीला त्यांची थोरली बहीण, बायजाबाई. आई गेल्यावर पुष्पलताबाईंना हिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. बायजाबाईला काचबिंदू झालेला, नजर कडेकडून विझत चाललेली. दर फोनला एकच बोलणं, "मले दिसते तोवर येऊन जाय वं, पुष्पा."

पण तारीख ठरली की गाडी काहीतरी काढायचीच. दिवा तरी लागे, नाहीतर बाजारातून आल्यावर बॉनेटमधून जळका वास येई आणि पंखा घरघरत राही. मार्तंडराव ताबडतोब इंजिन बंद करत. गरम झालं की थांबव, ही बत्तीस वर्षांची शिकवण. मग बाहेर येऊन जाहीर करत, "आता जमत नाही. तिले आराम पाहिजे. एवढ्या दूर दौडवली तर इंजिनच बसून जाईन."

"मंग मी बसनं जातो ना जी," पुष्पलताबाई म्हणत.

"घरी गाडी असून बसनं कायले? लोक हसतीन. पुढच्या महिन्यात जाऊ."

असे पुढचे महिने येत गेले आणि जात गेले. गेल्या पंधरवड्यात बायजाबाई फोनवर म्हणाली, आता नुसत्या सावल्या दिसतात. पुष्पलताबाईंनी फोन ठेवला, ट्रंकेतलं नवं लुगडं काढून पिशवीत भरलं आणि एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी निघाचं."

शुक्रवारी निघाले. उमरेड रोडला लागले, पाचगाव मागं पडलं आणि दिवा लागला. पिवळ्याच्या शेजारी लाल. गाडीतला जीवच गेला. पाय कितीही दाबला तरी बैलगाडीच्या पुढं जाईना, आणि आतून शिट्टीसारखा बारीक आवाज. मागून ट्रक कोकलत होते. मार्तंडराव स्टिअरिंगवर हात आपटत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पुष्पलताबाई पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या होत्या. दुपारी टोइंगच्या गाडीनं तिघांना, म्हणजे या दोघांना आणि गाडीला, सर्व्हिस सेंटरवर आणून टाकलं.

तिथं केयूर नावाचा नवा इंजिनिअर होता. मार्तंडरावांनी त्याच्यापुढं रजिस्टर आपटलं. "हे वाचा. सहा वर्षांचं सारं लिहून आहे. माझी एक चूक दाखवा!"

आणि केयूर खरोखरच वाचू लागला. सहा वर्षांत रजिस्टर वाचणारा हा पहिलाच माणूस. मार्तंडरावांना बरं वाटलं. त्यानं पानं उलटली, तेलाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते बोट खाली खाली सरकत गेलं.

"काका, तेल वाढून राहिलं होतं, हे तुम्हीच लिहिलं आहे. तेल कधी आपोआप वाढते का?"

मार्तंडराव चष्मा कपाळावर सरकवून रकान्यावर वाकले.

"सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवाची एक जाळी असते. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळते. त्याच्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगानं पळावं लागते. तो वास, तो पंखा म्हणजे ती सोताले साफ करून राहिली होती. तुम्ही दरखेपी मधातच बंद केली. मंग ते डिझेल खाली तेलात उतरलं. तेल पातळ झालं, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो घासला. आता इंजिन खोलावं लागते."

दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता. मार्तंडरावांना पहिल्या वाक्यातच समजलं, आणि तेच वाईट झालं. भट्टी मंद असताना काजळी उडवू नका, आधी लोड वाढवून भट्टी तापवा, मग उडवा, हे वीज केंद्रात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनीच शिकवलं होतं. ओरडून ओरडून शिकवलं होतं. इथं मात्र सहा वर्षं रोज मंद भट्टी आणि दर रविवारी कौतुकानं आकडे.

केयूरचं बोट आता शेवटच्या रकान्यात गेलं होतं. "अन् हे काय आहे? 'पवनी रद्द, गाडीस आराम.' लय ठिकाणी आहे." त्यानं मोजलं. "अकरा वेळा. किती दूर आहे पवनी?"

"ऐंशी-नव्वद किलोमीटर," पुष्पलताबाई म्हणाल्या. 

"मंग अजून काय पाहिजे होतं?" केयूर हळहळला. "याच्यातल्या अर्ध्या चकरा जरी झाल्या असत्या, तरी ही पाळी आली नसती."

"म्हणजे मले नेलं असतं, तर गाडी वाचली असती?"

"हो काकू," तो सरळपणे म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

पुष्पलताबाईंनी पिशवी उचलली. नवऱ्याकडं पाहिलं, पण भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मार्तंडरावांना सोसलं असतं. "ठेवा तिले आराम करत," त्या म्हणाल्या. "मी बसनं चालली."

मार्तंडराव मागोमाग निघाले. रजिस्टर टेबलावरच राहिलं, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बसमध्ये बायकोच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ते मागं जाऊन बसले. पाचगाव गेलं, उमरेड गेलं, भिवापूर गेलं. बस थडथडत पळत होती आणि त्यांना दर किलोमीटरचा दगड दिसत होता. कोणत्याही रविवारी हा रस्ता इथंच होता.

पवनीला पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अंगणात चांगला उजेड होता. फाटकाचा आवाज ऐकून बायजाबाई ओट्यावर उभी राहिली. तिनं सरळ मार्तंडरावांच्या तोंडाकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पुष्पाकडं पाहिलं.

"कोण आलं गा?" तिनं विचारलं.

पुष्पलताबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि नवऱ्याकडं पाहिलं. उत्तर मार्तंडरावांनाच द्यावं लागणार होतं, आणि त्यांना स्वतःचं नाव सांगायची लाज वाटत होती.