दाखल्याला प्लास्टिक लावणाऱ्याची भोपाळवारी

काटोलच्या फलाटावर गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि माझं डोकं तिथेच तापलं. माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. "विलासभाऊ, जरा लवकर" असं कोणी म्हटलं की मी मशीन बंद करून चहाला निघून जातो. निघताना बायकोने एकच गोष्ट तीनदा बजावली, "तिथं जाऊन कोणाशी भांडू नका."

या खेपेला घाई माझीच होती. मुलगी ऋचा बारावी झाली आणि भोपाळच्या एका कॉलेजात तिचा आर्किटेक्चरला नंबर लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. दोन वर्षं ही पोरगी पहाटे उठून अभ्यासाला बसली होती. त्यामुळे कागदांची फाइल मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

डब्यात शिरलो तर आमच्या जागेवर एक गृहस्थ पाय पसरून झोपलेले. उठवलं तर म्हणतात, "बैठ जाओ भाईसाहब, जगह बहुत है." जगह बहुत है म्हणे, आणि बसायला वीतभर नाही. मी तिकीट नाकासमोर धरलं. ऋचाने माझी बाही ओढली. पांढुर्णा गेलं, बैतूल गेलं, घाटातलं हिरवंगार रान गेलं आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. बैतूलनंतर ती म्हणाली, "बाबा, फाइल द्या ना, एकदा बघून घेते."

"गप बस. गाडीत कागद काढायचे नसतात, उडून जातील."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. खरं कारण वेगळं होतं. फाइलमध्ये तिच्यासाठी एक गंमत होती आणि ती कॉलेजात, चारचौघांत उघडावी असं मी ठरवलं होतं.

इटारसीला गाडी तासभर उभी राहिली, कशासाठी ते विचारून मी तिघांची डोकी खाल्ली. नर्मदेवर मात्र सगळा डबा खिडकीशी आला आणि हात जोडले गेले. पाणी काठाला लागलेलं, गढूळ, रुंद. मीही हात जोडले. मग बुधनीचं सागाचं जंगल आणि बोगदे सुरू झाले. एरवी मला हे आवडलं असतं.

राणी कमलापती स्थानकावर उतरलो. (जुनी माणसं अजून हबीबगंजच म्हणतात.) बाहेर रिक्षावाला म्हणाला, "को खाँ, किधर चलना है?" को खाँ म्हणजे इथलं 'काय राव'. मला ते भलतंच सलगीचं वाटलं, पण साकेत नगर तिथून जवळच होतं, भांडणाला पुरेसा रस्ताच नव्हता.

साकेत नगरात माझी चुलतबहीण शालूताई राहते. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, सरकारी कचेऱ्या नागपूरहून इकडे हलल्या, तेव्हा काका त्यांच्याबरोबर आले, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, आणि ताई इथेच जन्मली. शेजारच्या मोठ्या इस्पितळात तिने नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तिची मराठी ऐकून काटोलचा माणूस आधी हसतो, मग त्याला सवय होते.

"अरे विलास, किती परेशान झालास रे. पहिले हातपाय धू. गाडी लेट झाली त्यात नवीन काय? पोरगी बघ, बिचारी चुपचाप बसलीय."

सकाळी तिने पोहे केले. वर शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा तिखट-आंबट मसाला). ऋचाने दोनदा घेतले. मी अर्धी ताटली ठेवून उठलो, तर ताई म्हणाली, "कॉलेज कुठं पळून नाही चाललं. खाऊन घे, नाहीतर तिथं कोणाला तरी खाशील."

कॉलेज होशंगाबाद रोडवर, मिसरोदच्याही पुढे. रस्त्यावर इमारतीच इमारती, कामाला निघालेल्यांची गर्दी, आमचा रिक्षावाला प्रत्येक चौकात कोणाशी तरी गप्पा मारणारा. अकराला पोचलो. रांग दालनाच्या बाहेर आलेली. दाराशी बाकावर एक गृहस्थ डबा आणि मुलीला घेऊन बसले होते. मला म्हणाले, "आपका हो गया क्या?"

"अभी आया ना मैं. कैसे होगा?"

"नहीं, ऐसे ही पूछा. हम सागर से हैं. बिटिया वेटिंग में पहले नंबर पर है."

म्हणजे हा माणूस कोणाचा तरी घोटाळा व्हायची वाट बघत बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठ फिरवून मी रांगेत उभा राहिलो.

एक वाजता आमचा नंबर आला. टेबलामागे चष्मेवाली तरुण बाई. मी फाइल उघडली आणि ऋचाकडे बघितलं. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, शाळेचा दाखला, सगळं जाड चकचकीत प्लास्टिकमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात एकट्याने बसून केलं होतं, एक बुडबुडा नाही. दरवर्षी निकाल लागला की गावातल्या पोरांची मार्कशीट मी फुकट लॅमिनेट करून देतो. मग स्वतःच्या पोरीची किती निगुतीने केली असेल, बघा.

ऋचाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, भारावली.

"अंकल, ये तो लॅमिनेटेड है."

"हां. मैंने खुद किया है."

"मार्कशीट तो देखकर वापस कर दूँगी. पर टीसी हमें जमा करनी है. इस पर सील लगती है, साइन होते हैं. प्लास्टिक पर कैसे लगाऊँ?" टीसी म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला.

बायकोचं बजावणं तिथेच संपलं. दाखला खरा आहे की नाही, मुख्याध्यापकाची सही दिसते की नाही, मुलांचे कागद जपून ठेवणं हा काय गुन्हा झाला, असं मी हिंदीत, मराठीत, जमेल त्यात ओरडत होतो. रांगेतले लोक पुढे सरकून बघायला लागले. शेवटी मी टेबलावर हात आपटला. "किधर लिखा है? दिखाव मेरे को."

बाई ओरडली नाही. तिने माझ्याच फाइलमधला वरचा, कॉलेजच्या सूचनांचा कागद काढला, माझ्याकडे फिरवला आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेटेड नसावीत, असं स्वच्छ लिहिलं होतं. ओळीपुढे पेन्सिलची बारीक खूण होती, ऋचाची. मी प्लास्टिक लावायच्या आधीच तिने प्रत्येक सूचना वाचून, कागद तपासून खूण केली होती. आणि कागदाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. ती रेघ मी हजारांत ओळखीन. माझ्या मशीनच्या ड्रमला ओरखडा आहे, माझ्याकडून निघालेल्या प्रत्येक कागदावर ती येते. तो कागद मीच छापला होता. दिवसभर मी कागद छापतो, वाचत एकही नाही.

"साढ़े चार तक बिना प्लास्टिक की टीसी ले आइए," बाई म्हणाली. "पाँच बजे लिस्ट बंद होगी. नेक्स्ट."

बाहेर आलो. सागरवाल्याने वर बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मी ऋचाला म्हणालो, "त्या बाईलाच अक्कल नाही. थांब, मी वरच्या साहेबाला..."

"बाबा." तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "मी गाडीत फाइल मागितली होती. तुम्ही गप बस म्हणालात. आता तुम्ही गप बसा. पाच वाजेपर्यंत एक शब्द बोलू नका."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाही. दुकानातल्यासारखं चकचकीत दिसावं म्हणून. मला एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं? नेहमी तुम्ही ओरडता आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसतो. तिथं आत्ता मीच मान खाली घालून उभी होते."

रिक्षात आम्ही मधे फाइल ठेवून बसलो. मला राग आलेला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. रिक्षावाल्यावर काढावा तर तो बिचारा शॉर्टकटने पळवत होता. शेवटी मी हळूच म्हणालो, "प्लास्टिक इस्त्रीने सुटतं." एवढा एक शब्द तिने चालवून घेतला.

शालूताईने टेबलावर चादर अंथरली आणि इस्त्री लावली. मी कात्री घेतली आणि घाईत ती कागदाच्या कडेलाच लागायला आली. ताईने माझं मनगट धरलं, नर्ससारखं, आणि कात्री काढून घेतली. "तुझ्यानं नाही होणार. हा हात बघ."

"मी करते," ऋचा म्हणाली. "माझा कागद आहे. तुम्ही फक्त सांगा."

मग मी सांगितलं. कडा कापून घे. वर पातळ सुती कापड ठेव, इस्त्री कमीवर. दाबायची नाही, फिरवत राहायची. गरम असतानाच कोपरा उचल. सरळ वर ओढू नको, मागच्या बाजूला आडवं वळवत ने. जरा थांब. परत इस्त्री. वीस वर्षांत कोणाला काम इतक्या हळू आवाजात सांगितलं नव्हतं. ती ओठ दाबून करत होती. आर्किटेक्चरला जाणाऱ्या पोरीचा हात कसा असतो ते मी पहिल्यांदा बघितलं. मागची बाजू सुटली. पुढच्या बाजूला शाळेचा शिक्का सुटला, सही सुटली आणि मधेच कागद फरकन् आवाज करून सोलला गेला. 'वर्तणूक' या रकान्यात निळ्या पेनने 'उत्तम' लिहिलेलं होतं. ते प्लास्टिकबरोबर वर आलं.

ऋचाने इस्त्रीचं बटण बंद केलं. घड्याळात पावणेचार.

साडेचारला पाच मिनिटं असताना टेबलाशी पोचलो. मी चार पावलं मागे उभा राहिलो, तोंड बंद. बाईने दाखला उजेडात धरला. "यहाँ क्या लिखा था?"

"आचरण," ऋचा म्हणाली. "उत्तम लिखा था."

बाईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"सील, साइन सब ठीक है. एक महीने में स्कूल से दूसरी कॉपी मँगवा लो. अभी लिखकर दो." ऋचाने हमीपत्र स्वतःच्या हाताने हिंदीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. पालकाच्या सहीची जागा दाखवायला तिने माझ्याकडे कागद सरकवला. मी सही करायच्या आधी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिने ते पाहिलं. मग दाखल्यावर शिक्का बसला.

दाराशी सागरवाल्याने विचारलं, "हो गया?"

"हो गया," ऋचा म्हणाली.

"बधाई," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावायला लागला. त्याच्या मुलीने चपला घातल्या. मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण पाच अजून वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऋचाला होस्टेलवर सोडलं. तिथल्या फॉर्मवर पुन्हा पालकाची सही हवी होती, तो कागदही मी पूर्ण वाचला. निघताना ती म्हणाली, "बाबा, मी रागात बोलले."

"बरोबर बोललीस," मी म्हणालो. "पुढंही बोलत जा." परतीच्या गाडीत शेजारच्याने माझ्या जागेवर बॅग ठेवली होती. मी ती मांडीवर घेऊन बसलो.

काटोलला दुकान उघडलं त्याच दिवशी एक बाई आली, मुलाची मार्कशीट आणि दाखला घेऊन. "दादा, याले प्लास्टिक लावून द्या. पोरगं पुण्याले चाललं."

मी नाही म्हणालो. समजावून सांगितलं, ते प्लास्टिकला चिकटलेलं निळं 'उत्तम' खिशातून काढून दाखवलं. तिला वाटलं, मला काम करायचं नाही. "तुमी तं पहिल्यापासूनच असे हेकट," म्हणाली आणि तरातरा समोरच्या दुकानात गेली. मी रस्ता ओलांडून तिच्या मागे धावलो. मशीन तापलं होतं, दाखला आत सरकणारच होता. मी तो त्या दुकानदाराच्या हातातून ओढून घेतला, आणि मग जे भांडण झालं ते सगळ्या बसस्टँडने ऐकलं.

बाईने दाखला प्लास्टिकशिवायच परत नेला, मला शिव्या देत. मी दुकानात येऊन बसलो. भिंतीवर माझीच पाटी: निकालाच्या दिवशी मार्कशीट लॅमिनेशन मोफत. मी ती उतरवली. वीस वर्षांत किती पोरांचे कागद मी असे बंद करून दिले असतील. त्यातली काही कुठल्या कुठल्या खिडकीशी उभी राहिली असतील, मागे कोणी बाप नसेल, इस्त्री नसेल, ताई नसेल. एकही पोरगं परत येऊन माझ्याशी भांडलं नाही. माझ्या तोंडाला भिऊन आली नसतील.

भांडायला आली ती एकटी माझीच पोरगी.