विंझरच्या शाळेतला बर्फ

सावळाराम मास्तरांना दमलेलं बघायची विंझरला इतकी सवय झाली होती की एखाद्या सकाळी ते ताजेतवाने दिसले असते, तर लोकांनी काळजीनं विचारलं असतं, काय झालं म्हणून. ते मूळचे शिवऱ्याचे. तिथली जमीन भावांकडे राहिली, यांच्या वाट्याला शाळा आली. एकच खोली, तिच्यात चार इयत्ता, चार भिंतींकडे तोंड करून बसलेल्या. मास्तर मधे उभे राहत आणि दिवसभर स्वतःभोवती फिरत. संध्याकाळी घरी आले की त्यांची बायको चंद्राबाई पाण्याचा तांब्या समोर ठेवी आणि गप्प बसे. बोलायचं ते सगळं शाळेत संपलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

ते वाईट शिकवत नसत. चांगलंही नसत. पुस्तकातलं वाक्य खड्या आवाजात म्हणत, पोरं ते परत म्हणत, आणि वाक्य भिंतीला लागून खाली पडे. चौथीच्या पुस्तकात पाण्यावर एक धडा होता. त्यात एक ओळ होती: बर्फ पाण्यावर तरंगतो. ती दरवर्षी माघात यायची, म्हटली जायची आणि निघून जायची.

एकोणीसशे छत्तीस सालच्या माघात ती अडली. बाळाबाईनं अडवली.

बाळाबाई ही रायबा धनगराची मुलगी. वर डोंगराच्या सोंडेवर गवळी धनगरांची थोडी घरं होती. म्हशी पाळायच्या, तूप कढवायचं आणि बाजारच्या दिवशी खाली आणून विकायचं, हा त्यांचा व्यवहार. त्याच वाटेनं ही पोरगी शाळेत येऊ लागली आणि येतच राहिली. मास्तरांच्या हाताखाली चौथीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. मास्तरांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण शाळेची पायरी चढवत नाही असं ज्या दिवशी वाटे, त्या दिवशी ते तिच्यापुरते चढत.

"न्हाई तरंगणार," ती म्हणाली.

मग तिनं कारण सांगितलं. थिजलेल्या तुपाचा गोळा पातळ तुपात सोडला की तळाला जातो. वर राहिला तर त्या तुपात काहीतरी मिसळलेलं असतं. धनगराकडून तूप घेताना गिऱ्हाईक हेच बघून घेतं. बर्फ म्हणजे थिजलेलं पाणीच ना, मग तो आपल्याच पाण्यावर कसा राहील?

कुणी हसलं नाही. तुपाची ही पारख प्रत्येकाच्या घरात होती. पुस्तकात तसं आहे, असं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमी बगितलाय, मास्तर?"

मास्तरांनी बर्फ पाहिला होता, पुण्यात, हातगाडीवर, पोत्याखालून ओघळताना. पाण्यात टाकलेला नव्हता पाहिला. "नाही," ते म्हणाले. ते काही फार खरेपणानं म्हणाले असं नाही. खोटं बोलायला थोडं बळ लागतं, आणि दुपार झाली होती.

ते 'नाही' त्याच संध्याकाळी डोंगर चढून वर गेलं. बाजारच्या दिवशी रायबा शाळेच्या पायरीवर येऊन बसला. त्याची तक्रार नव्हती. घरी म्हशींमागे माणूस कमी पडतं, बायकोचे गुडघे धरलेत, तरीसुद्धा पोरगी धाडली, ती इथं खरं तेच सांगतात अशा समजुतीनं. आता शिमगा झाला की ती येणार नाही, एवढंच सांगायला तो आला होता.

"न बगितलेलं खपवता तुमी," तो शांतपणे म्हणाला. "आमी तूपबी असं न्हाई इकत, मास्तर."

मास्तर म्हणाले, पुढच्या बाजारापर्यंत थांब, मी बर्फ आणतो. आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

पुण्याच्या मोटारीवरच्या कोंडिबाकडे त्यांनी निरोप दिला. थंडीत बर्फ मागणारं माणूस कोंडिबानं पाहिलं नव्हतं. शेकोटीवर ठेवायचाय का, असं त्यानं विचारलं, पण बर्फ आणला. कापूरहोळला मोटार थांबली तेव्हा भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली ती लादी त्यानं टपावरून खाली दिली. मास्तरांनी गेनबाची बैलगाडी सांगितली होती. गाडी विंझरच्या रस्त्याला लागली आणि मागं धुळीत एक ओली रेघ उमटत चालली.

गेनबानं वळून बघितलं. "मास्तर, तुमची शाळा गळतीया."

मास्तर हसले नाहीत. ते लादीवर हात ठेवून बसले होते, जणू हातानं ती थांबणार होती. बधिर झालेला हात त्यांना आपला वाटेना. त्यांच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं शब्द वाहून आणले, ते कधी गळले नाहीत, कारण त्यांत काही नव्हतंच. हे पहिलंच काहीतरी आपण आणतोय आणि ते वाटेत संपतंय.

घरी पोचेपर्यंत लादीचा नारळाएवढा गोळा उरला. चंद्राबाईनं तो भाताच्या तुसात पुरला आणि विचारलं, "सकाळपतुर राहील का हो?"

"न राहिला तर सुटलो," मास्तर म्हणाले.

राहिला. सकाळी शाळेच्या अंगणात पोरांनी तो आळीपाळीनं हातात घेतला. एकानं भाजलं म्हणून सोडून दिला. मग मास्तरांनी पाण्यानं भरलेल्या घंगाळात तो ठेवला. तो खाली गेला आणि वर आला. पोरांनी तळहातानं तो दाबला, सोडला की पुन्हा वर. प्रत्येकानं दाबून बघितला, त्याचा वर येण्याचा रेटा हाताला लागत होता. बराचसा पाण्यात, थोडासा वर, असा तो डुलत राहिला. मास्तर आनंद व्हायची वाट बघत उभे होते.

रायबा तुपाचं मडकं खाली ठेवून वाकला. खूप वेळ बघितलं. मग मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमाला फसवलं. भेसळ हाय."

गेनबानं मान डोलावली. पुण्यातली माणसं काय मिसळतील सांगता येत नाही, असं तो म्हणाला. पोरांनाही ते पटलं, कारण तरंगणारा गोळा खोटा, हे त्यांना पुस्तकाच्या आधीपासून माहीत होतं. बाळाबाई बापाकडे बघत नव्हती, मास्तरांकडे बघत होती.

मास्तर पायरीवर बसले. आता सोडून द्यावं, असं त्यांना वाटलं. मग ट्रेनिंगच्या परीक्षेत लिहिलेलं एक उत्तर त्यांना आठवलं. तेही न बघितलेलंच होतं. त्यांनी कोंबड्यांना पाणी ठेवायची दगडी कुंडी मागवली, धुवून घेतली, कोयत्यानं बर्फाचा मुठीएवढा तुकडा फोडून तीत ठेवला आणि वरून काठोकाठ पाणी भरलं. तुकड्याचं डोकं काठाच्या वर राहिलं.

"यात पाण्याशिवाय दुसरं काही नसेल," मास्तर म्हणाले, "तर हा सगळा वितळला तरी एक थेंब सांडणार नाही."

"आन हे वरचं डोकं कुठं जाईल?" रायबानं विचारलं.

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. पाणी थिजताना फुगतं. भाकरी फुगते तेव्हा पीठ वाढत नाही, जागा वाढते. फुगलेला तुकडा तेवढ्याच पाण्यापेक्षा हलका, म्हणून वर राहतो, आणि वितळला की आवळून, त्याचा जेवढा भाग बुडालाय तेवढ्याच जागेत मावतो. हे बोलताना त्यांचा आवाज पुस्तकासारखा नव्हता. त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

रायबानं चुलीतली कोरडी राख मागितली आणि कुंडीभोवती पसरली. "सांडलं तर पोरगी आजच माज्यासंगं वर," तो म्हणाला. "न्हाई सांडलं तर तुमची परीक्षा हुईस्तवर हितं."

मग सगळे थांबले. ऊन कुंडीवर आलं. पाणी काठाच्याही जरा वर फुगल्यासारखं दिसत होतं. रस्त्यानं गाडी गेली की ते थरथरे आणि सगळे वाकून राखेकडे बघत. बाजार सुरू झाला होता, रायबाची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली असणार, पण तो उठला नाही. मास्तरांना वाटत होतं, इतकी वर्षं आपण पोरांना बोलायला लावलं, गप्प बसून बघायला कधीच लावलं नाही. तुकडा सुपारीएवढा झाला. मग नखाएवढा. मग तो होता की नव्हता हे कळेना.

राख कोरडी होती.

रायबानं राखेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग तेच बोट धोतराला पुसून पाण्यात बुडवलं, चाखलं.

"पानीच हाय," तो म्हणाला.

"तूप थिजताना आवळतं," बाळाबाई हळूच म्हणाली. "पानी उलटं हाय, आबा. पानी थिजताना फुगतं."

रायबानं तिच्याकडे, मग मास्तरांकडे बघितलं. "तुपाचं शिकवायचं असंल तवा मला बलवा," तो म्हणाला, मडकं उचललं आणि बाजाराकडे गेला. पोरगीला त्यानं हाक मारली नाही.

त्या दिवशी पुढं शाळा भरली नाही. पोरं उरलेल्या बर्फाशी खेळत राहिली आणि मास्तर पायरीवर बसून उजवा हात डाव्यानं चोळत होते. गारठा अजून गेला नव्हता. त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. आपण केवढं कमी बघितलंय, एवढंच वाटत होतं.

बाळाबाई चौथी पास झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती भोरच्या बाजूला दिली गेली. बर्फ पुन्हा आला नाही. पण दर माघात मास्तर रायबाकडून तूप मागवत, निम्मं पातळ करत, त्यात थिजलेला गोळा सोडत, आणि तो तळाला गेला की म्हणत, बर्फ याच्या उलट. मग पोरांमधलं कुणीतरी विचारायचंच, तुमी बगितलाय का म्हणून.

"बघितलाय," मास्तर म्हणत, आणि मग थोडा वेळ खाली बसून उजवा हात डाव्यानं चोळत.