पाहुण्याचं बटण

हे मी कोणाजवळच बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — देवाजवळ तर मुळीच नाही. देवाजवळ बोललं की माणूस मोकळं होते, अन् मले मोकळं व्हायचं नाही. तुले सांगून राहिली, बस. ऐकून घे.

मी शंकेखोर बाई आहे. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवणारी, भाजीवाल्याचा काटा रिकामा करून पाहणारी. नवरा म्हणतो, तू तर उकळत्या चहालेही विचारशील, खरंच उकळून राहिला का म्हणून! हसतो तो. पण याच स्वभावाचा मले पगार मिळतो.

नोकरी काय, तर विलायतेतले लोक टीव्हीवर काय पाहतात, ते रायपुरात बसून तपासायचं. हसू नको. भनपुरीच्या अलीकडे आमचं ऑफिस आहे, खाली ट्रकांचे हॉर्न अन् वर आम्ही कानाले हेडफोन लावून. तिकडं काही निवडक घरांत टीव्हीले एक डबा जोडून देतात. घरातल्या प्रत्येकाचं रिमोटवर आपापलं बटण. बसलं की दाबायचं, उठलं की दाबायचं. पाहुणा आला तर त्याचंही वेगळं बटण. त्यावरून दर आठवड्याले यादी निघते, कोणतं चॅनल किती लोकांनी पाह्यलं. लहान चॅनलचं तर असं, की दोन-चार घरं खोटी निघाली तरी यादीतली जागा बदलून जाते. म्हणून खोटी घरं हुडकायची. ते माझं काम, अन् त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

मले नाव-पत्ते दिसत नाहीत, घराचा नंबर, अन् माणूस बाई का पुरुष, वय किती, एवढंच दिसते. एका घराचा नंबर मले पाठ आहे — लिहीत नाही. त्या घरात एकच माणूस. बाई, ऐंशीच्या वरची. सकाळी बातम्या, दुपारी जुन्या सामानाची किंमत करायचा कार्यक्रम, संध्याकाळी एका छोट्याशा चॅनलवर जुन्या मालिका. बसली की बटण, उठली की बटण. एक दिवस चूक नाही. अन् म्हणूनच मले तिचा शक! इतकं नेमानं कोणी वागते का? मी मनात म्हणे, म्हातारी-बितारी कोणी नाही तिथं, कोणी पुतण्या बसून बटणं दाबून राहिला, डबा ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या कूपनासाठी. कितीतरी महिने मी तिच्यावर टपून होती.

आता सांगतेच — नाही, थांब, आधी नीलूचं सांगू दे.

नीलू गुढियारीची पोट्टी, नवीनच लागली होती. तिचं लॉगिन आलं नव्हतं. आमच्याकडं नवीन माणसाचं लॉगिन यायले महिना लागतो, तोवर जुन्याच्या नावावर काम करायचं, ही रीतच पडून गेली आहे. नीलू माझ्या नावावर करायची. दीदी-दीदी करे, डब्यातली बेसनाची ठेठरी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवे. मले त्यातही शक. हिले माझ्याकडून काय पाहिजे? काहून इतकी गोड बोलून राहिली?

तर तो सोमवार. शनिवार-रविवारची सुट्टी झाली की सोमवारी गुरुवार संध्याकाळपासूनचा गठ्ठा एकदम समोर येतो. त्यात ते घर लाल झालेलं. गुरुवारी संध्याकाळी बाईनं बटण दाबलं होतं, अन् त्याच्यानंतर काहीच नाही. टीव्ही चालूच. शुक्रवार, शनिवार, रविवार, रात्रंदिवस तेच एक चॅनल. डबा मधून मधून विचारत असतो, आहात का? उत्तर नाही. फक्त शनिवारी दुपारी, एकदाच — पाहुण्याचं बटण. डब्यानं पाहुण्याचं वय विचारलं, तिथं कोरं.

तुले सांगू, मले काय वाटलं? आनंद झाला. खरंच सांगते, खुर्चीतच सरसावून बसली मी. सापडली एकदाची! बटण दाबून निघून गेला असेल पुतण्या, अन् मधात येऊन भलतंच दाबलं असेल.

असं घर आलं की दोन खुणा असतात. एक, 'फोन करा'. ती लावली की तिकडचे लोक त्याच दिवशी फोन लावतात, नाही उचलला तर माणूस पाठवतात. दुसरी, 'बाद'. ती लावली की घर यादीतून निघून जाते, फोन-बिन कोणी करत नाही. एकटं म्हातारं माणूस असलं तर आधी फोन, असा नियम आहे. मले माहीत नव्हता का? मीच तर तो नीलूले शिकवला होता! मी 'बाद' केलं, कारणांच्या यादीतून 'खोटं बटण' निवडलं, अन् चहा प्यायले गेली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिकडून निरोप आला. बाई घरात मेलेली सापडली. जमिनीवर, रिमोट हाताजवळ.

कधी गेली, ते लिहिलं नव्हतं. सोमवारी जिवंत होती का, मले माहीत नाही. शनिवारी होती. पाहुणा-बिहुणा कोणी आला नव्हता — पडल्या पडल्या हाताले जे बटण लागलं ते तिनं दाबलं. निरोप वाचता वाचताच मले हे समजलं.

साहेबांनी विचारलं, हे घर कोणी बाद केलं? नाव माझंच होतं. मी म्हटलं, सर, त्या दिवशी या नावावर दोघी काम करून राहिलो होतो. एवढंच. यात खोटं एक अक्षर आहे का? साहेबांनी नीलूकडं पाह्यलं, अन् मी खाली पाह्यलं.

त्या पोट्टीनं त्या सोमवारी किती घरं पाह्यली असतील, तिले एक नंबर कुठून आठवणार? जिन्यात तिनं मले गाठलं. रडून रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "दीदी, वो घर मुझसे ही छूटा क्या?"

तेव्हा मी काय म्हणायले पाहिजे होतं? मी म्हटलं, "हो सकता है. ध्यान नहीं रहा होगा."

वरून तिच्या पाठीवर हातही फिरवला. दुसऱ्या दिवसापासून तिले यायले मनाई झाली. मी अजून तिथंच आहे.

त्यानंतर मले चैन नाही. साहेबांनी दार लावून घेतलं की वाटे, माझंच चाललं आहे. नीलूले नक्की समजलं असेल, ती कोणाजवळ तरी बोलली असेल, असं सारखं वाटे. शेवटी ती पंडरी बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात लागली असं ऐकून मी तिथं गेली. तिची विचारपूस करायले गेली असं समजू नको. तिले माझ्यावर शक आहे का, ते पाहायले गेली होती मी.

शक? ती पोट्टी मले पाहून काउंटरवरून उठून आली. पाया पडली. चहा मागवला. मी तिचा चेहरा निरखून पाह्यला, मले पाहताच येते ना खोटं! काहीच नव्हतं तिथं. मग तिनंच सांगितलं, तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक म्हातारी दाई एकटी राहते. कामावर निघायच्या आधी नीलू रोज तिचं दार वाजवते. आतून "हव" असा होकार ऐकू आल्याशिवाय जाग्यावरून हलत नाही. पाऊस असो, ताप असो. दोनदा दुकानात उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

"क्या करूँ दीदी," ती म्हणाली, "एक को तो मार चुकी हूँ न."

मी म्हटलं, असं बोलू नये. अन् चहा संपवून घरी आली.

ते घर नीलूनं कधी पाह्यलंच नव्हतं. मी पाह्यलं होतं.