टोपी कुणी द्यायची

मुख्यालयात त्याला सगळे पुतळा म्हणत. सहा फुटांच्या वर उंची, ताठ कणा, भरदार मिशी. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. चोर पकडण्यात मात्र त्याचं फारसं नाव नव्हतं. एकदाच एक पाकीटमार हाती लागला होता, तोही पळता पळता ह्याच्यावरच येऊन आदळला म्हणून. पण कामावर असताना कुणी पोलीस गेला, की मानवंदनेच्या वेळी खात्याच्या वतीने पुढे व्हायचा मान ह्याचा. पुष्पचक्र ठेवायचं, गेलेल्याची टोपी घरच्यांच्या हाती द्यायची, एक पाऊल मागे येऊन सलाम ठोकायचा. बायको म्हणायची, "बढती तुम्हाला नको, तुमच्या गणवेशाला द्यायला हवी. खरी नोकरी तोच करतो." तो हसायचा. मनातून त्याला ते आवडायचंही.

त्या वर्षी हमरस्त्यावर एक टँकर उलटला. वाहतूक शाखेचा एक हवालदार गर्दी मागे हटवत होता, तेवढ्यात भरधाव ट्रकने त्याला उडवलं. त्याच्याबरोबर त्याच्याच चौकीतली एक शिपाई बाई होती. दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र ड्युटी केलेली. तिचाही हात मोडला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती रस्त्यावर बसून, धड असलेल्या हाताने त्याचा हात धरून त्याच्याशी बोलत राहिली. तो तिथेच गेला.

मानवंदनेच्या आदल्या दिवशी पुतळा बराकीत पट्ट्याचं बक्कल घासत बसला होता. शिपाई बाई दारात येऊन उभी राहिली. ठेंगणी, गोलसर, प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला. एका हाताने घातल्यामुळे शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं.

"दादा, टोपी मी दिली तर?" ती म्हणाली. "साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नेहमी तुम्हीच देता. तुम्ही शब्द टाकलात तर ऐकतील."

"वरून ठरतं हो ताई सगळं. माझ्या हातात काय आहे?"

ती मान हलवून निघून गेली.

खरं तर हातात बरंच होतं. दुपारी सरावाची वेळ विचारायला तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. "ती बाई येऊन गेली माझ्याकडे. गळ्यात हात बांधून काय टोपी देणार ती? उद्या फोटो सगळीकडे छापून येणार. बरं दिसेल का ते? तुझं काय म्हणणं?"

अर्धा शब्द पुरला असता. "साहेब म्हणतील तसं," पुतळा म्हणाला, आणि बाहेर पडताना दाराच्या काचेत त्याने मिशी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. बाईंना हलकं काम म्हणून फाटकाबाहेर गाड्या लावून घ्यायला उभं केलं होतं. बिगुल वाजला. पुतळा टोपी घेऊन संथ पावलं टाकत पुढे गेला. समोर खुर्चीत त्या हवालदाराची आई बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून समोरचा माणूस तिला नुसता सावलीसारखा दिसायचा. त्याने वाकून टोपी तिच्या मांडीवर ठेवली. तो मागे होणार, तोच तिने त्याचं मनगट पकडलं.

"तूच का रे त्याचा जोडीदार?" म्हातारी म्हणाली. "नाव कधी घेतलं नाही, पण घरी रोज 'माझा जोडीदार' म्हणून गोष्टी सांगायचा. शेवटपर्यंत हात धरून बसला होतास म्हणे. तूच ना?"

समोर कॅमेरे होते. शेजारी साहेब उभे होते. भाषणाचा माईक तिच्या खुर्चीपाशीच होता आणि तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"हो, आई," पुतळा म्हणाला.

म्हातारीने त्याचा हात उचलून डोळ्यांना लावला. तिचे अश्रू त्याच्या पांढऱ्या हातमोज्यात मुरले. आजवर इतक्या मानवंदनांमध्ये न हललेला तो माणूस मुळापासून हलला. त्याने सलाम ठोकला खरा, पण कसा, ते त्याचं त्यालाच आठवेना.

कार्यक्रम संपल्यावर तो फाटकाबाहेर आला. खांबावर कर्णा होता, त्याच्या बरोबर खाली शिपाई बाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती दोन शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, असं त्याला वाटलं. तिने विचारलं, "आई बऱ्या आहेत ना? चालत गेल्या, की कुणी धरून नेलं?"

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रात्री त्याने भरलं ताट तसंच बाजूला सरकवलं. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे त्याने सांगितलं. ती चेष्टा करील म्हणून तो वाट पाहत राहिला. तिने चेष्टा केली नाही, एवढंच म्हणाली, "मग त्या माउलीला अजून खोटंच माहीत आहे."

सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, ह्यापुढे गेलेल्याबरोबर जो राबला त्यालाच पुढे पाठवा. मला नको."

"वेडा आहेस का? खात्याचा चेहरा असतो तो!"

"साहेब, काल त्याच चेहऱ्याने मी एका आईशी खोटं बोललो."

साहेबांनी समोरची फाईल उघडली. "जा, कामाला लाग."

संध्याकाळी तो शिपाई बाईला घेऊन म्हातारीच्या घरी गेला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी मुलाचे काळे बूट अजून तसेच. आत जाताच त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. थांबला असता तर जीभ उचलली नसती.  म्हातारीने विचारलं, "मी तुमचा हात डोळ्यांना लावला, तेव्हाही बोलला नाहीत?"

कालचा 'तू' आज 'तुम्ही' झाला होता. 

म्हातारीने त्याला बसा म्हटलं नाही. हाताने चाचपत तिने बाईंना जवळ बसवून घेतलं. "शेवटी काही बोलला का गं तो?"

"तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी आहे ते सांगत होता, आई. मला म्हणाला, तारीख लक्षात ठेव."

दोघी रडल्या, मध्येच कशावर तरी हसल्या, पुन्हा रडल्या. पुतळा दारातच उभा होता. निघून जावं तर पळाल्यासारखं झालं असतं, आणि तिथे थांबायचा हक्क आपण घालवून बसलोय हेही त्याला कळत होतं.

पुढच्या वर्षी, पहिल्या स्मृतिदिनाआधी म्हातारीने साहेबांना निरोप धाडला, की माझ्या मुलाला पुष्पचक्र त्याची जोडीदार वाहणार नसेल, तर मी येत नाही. साहेबांचा नाइलाज झाला. बाईंचा हात पुरता सरळ झाला नव्हता, त्यामुळे सलाम तिरपा झाला. हसलं कुणी नाही.

पुतळा मागच्या रांगेत होता. ऑपरेशन झालेली म्हातारी परतताना त्याच्यापाशी थांबली आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागली. "आपण कोण?"

त्याचा चेहरा ती आज पहिल्यांदाच पाहत होती. नुसता सलाम करून गप्प राहता आलं असतं.

"त्या दिवशी हो म्हणालो, तो मी, आई."

म्हातारीने ओळख पटल्यासारखी मान हलवली, आणि बाईंचा हात धरून पुढे गेली.